बंध किती घट्ट? कोपराजवळच्या मोडलेल्या हाडाचा चाकूविना इतिहास

१/
इजिप्तमधील नागा-एद-देर येथील प्राचीन दफनभूमीत सापडलेला एक हात वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मनुष्य पाचव्या राजवंशाच्या काळातला, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. कोपराखालची हाडे मोडलेली, कातडी फाटलेली. हाताभोवती कापडात गुंडाळलेल्या खपाट्या, आणि जखमेवर रक्ताने माखलेला वनस्पतितंतूंचा बोळा. शरीरशास्त्रज्ञ ग्राफ्टन एलियट स्मिथ यांनी १९०८ साली या खपाट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या खपाट्यांमध्ये त्यांची गणना होते.
#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास

२/
त्या हाडांवर सांधण्याची एकही खूण नाही. अर्थात इजा झाल्यावर तो मनुष्य फार काळ जगला नाही. कोणीतरी मात्र त्याच्या हाताला आधार दिला होता, रक्त थांबवण्याचा प्रयत्न केला होता. या धाग्याचा विषय तो आधार आहे. कोपर आणि त्याखालचे हाड मोडले असता, शस्त्र न लावता ते कसे बरे करावे, याचा शोध माणसाने कसा घेतला? त्या शोधात कोणत्या चुका झाल्या आणि त्यांची किंमत कोणी मोजली?

३/
प्रथम थोडी शरीररचना. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. टेबलावर कोपर टेकवले की जे टोक टेकते, ते अल्नाचे. रेडियसचे वरचे टोक बशीसारखे गोल असून ते कोपरात स्वतःभोवती फिरते. कुलुपात किल्ली फिरवणे, पोळी उलटणे, भिक्षेसाठी तळवा वर करणे, या सर्व हालचाली त्या छोट्या बशीच्या फिरण्यावर अवलंबून असतात.

४/
म्हणूनच येथील अस्थिभंग फसवा असतो. मांडीचे हाड थोडे वाकडे सांधले तरी माणूस लंगडत चालतो. कोपराजवळ थोडीशी चूक झाली तर हात तोंडापर्यंत पोचत नाही किंवा तळवा वर होत नाही. शिवाय कोपराच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि सांध्याला अगदी लागून मज्जातंतू जातात. हाड सांधणे हे अर्धेच काम. सांधलेला हात उपयोगी राहणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक कठीण.

५/
विसाव्या शतकाच्या आरंभी नाइल नदीवर धरण उंचावण्याचे काम निघाले. पाण्याखाली जाणाऱ्या न्युबियातील दफनभूमींचे तेव्हा सर्वेक्षण झाले. एलियट स्मिथ आणि फ्रेडरिक वुड जोन्स यांना त्या सांगाड्यांत मोडून पुन्हा सांधलेली अग्रबाहूची हाडे मोठ्या संख्येने आढळली. त्यातही अल्ना अधिक. डोक्यावर येणारी काठी अडवण्यासाठी माणूस हात आडवा धरतो आणि घाव नेमका याच हाडावर बसतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. यांतील पुष्कळ हाडे चांगली सरळ सांधलेली होती.

६/
याचे एक कारण निसर्गातच आहे. दोनपैकी एकच हाड मोडले तर शेजारचे अखंड हाड खपाटीसारखे काम करते. दुसरे कारण वैद्याचे. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इ.स.पू. १६०० च्या सुमारास उतरवलेल्या इजिप्ती ग्रंथात ४८ रुग्णप्रकरणे आहेत. दंडाचे हाड मोडले तर रुग्णाला उताणे निजवावे, हात ताणून तुकडे जागी आणावेत, कापडाच्या दोन खपाट्या आत-बाहेर बांधाव्यात, अशी पद्धत त्यात दिली आहे.

७/
त्याच ग्रंथातील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. प्रत्येक प्रकरणात वैद्य तीनपैकी एक निर्णय देतो : हा विकार मी बरा करीन, याच्याशी मी झुंजेन, अथवा याला उपचार नाही. कातडी फाटून हाडापर्यंत जखम पोचली की निर्णय बहुधा कठोर होई. नागा-एद-देरच्या त्या हाताची हकिगत याच वर्गातली. उपचारांची मर्यादा आधी सांगणे हे वैद्यकाचे प्राचीन कर्तव्य आहे आणि या इतिहासात ते वारंवार समोर येते.

८/
आता ग्रीसकडे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेला ‘अस्थिभंग’ हा ग्रंथ अग्रबाहूच्या चर्चेनेच सुरू होतो आणि सुरुवातच भांडणाने होते. हात कोणत्या स्थितीत बांधावा? काही वैद्य धनुर्धाऱ्याप्रमाणे हात लांब ताणून बांधत. ती स्थिती नैसर्गिक आहे, असा त्यांचा दावा होता. दुसरे तळवा पूर्ण वर करून बांधत. ग्रंथकार दोघांचीही खिल्ली उडवतो. धनुष्य ओढताना जी स्थिती योग्य ती विश्रांतीत योग्य कशी असेल?

९/
त्याचा युक्तिवाद साधा आणि भक्कम आहे. रुग्ण आपला मोडलेला हात वैद्यापुढे आपोआप ज्या तऱ्हेने धरतो, तीच त्याची नैसर्गिक स्थिती. ताणलेल्या हातावर पट्टी बांधली आणि नंतर रुग्णाने कोपर वाकवले, तर स्नायूंची आणि हाडांची मांडणी बदलते आणि पट्टी निरुपयोगी ठरते. पुस्तकी तर्कापेक्षा रुग्णाच्या शरीराकडे पाहावे, हा धडा येथे अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेला आहे.

१०/
घट्टपणाचे मोजमापही त्याने दिले. पट्टी बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताच्या पंजावर थोडी, मऊ सूज आली तर बंध योग्य. सूज मुळीच नाही, तर बंध सैल. सूज मोठी आणि कठीण, तर बंध फार घट्ट. दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून पुन्हा बांधायची आणि लाकडी खपाट्या पहिल्याच दिवशी न लावता साधारण सातव्या दिवशी, सूज ओसरल्यावर लावायच्या. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढे एकोणिसाव्या शतकात तो विसरला गेला.

११/
अग्रबाहूचे हाड साधारण ३० दिवसांत सांधते, असे हा ग्रंथ सांगतो आणि लगेच पुष्टी जोडतो की यात काटेकोरपणा नाही, कारण शरीराशरीरात आणि वयावयात फरक असतो. कोपर आखडण्याचाही विचार त्यात आहे. सरळ स्थितीत आखडलेल्या कोपरापेक्षा वाकलेल्या स्थितीत आखडलेले कोपर कितीतरी उपयोगी, कारण घास तोंडापर्यंत तरी जातो. म्हणजे सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून हाताची स्थिती निवडायची.

१२/
भारतीय परंपरेत या विषयाचे मुख्य स्थान म्हणजे सुश्रुतसंहिता. इसवी सनापूर्वीच्या आणि नंतरच्या काही शतकांत आकाराला आलेल्या या ग्रंथाच्या निदानस्थानात भग्नांचे वर्गीकरण आहे. सांधा निखळण्याचे ६ प्रकार आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार त्यात दिले आहेत. कोवळी हाडे वाकतात, नळीसारखी लांब हाडे मोडतात, कवटीसारखी चपटी हाडे तडकतात, असे निरीक्षणही तेथेच आहे. आपल्या ‘कोपर’ शब्दाचे मूळ रूप ‘कूर्पर’ हेही या ग्रंथात सांध्याच्या नावाने भेटते.

१३/
चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उपचार आहेत. खपाट्यांना तेथे ‘कुश’ म्हटले आहे. त्यांसाठी सुचवलेल्या वनस्पती मराठी वाचकाला गावच्या शिवारातल्या वाटतील : मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, बांबू. वर उचललेला तुकडा दाबावा, खाली गेलेला उचलावा, एकमेकांवर चढलेले ताणून वेगळे करावेत. मग मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि तांदळाचे पीठ शंभर वेळा धुतलेल्या तुपात कालवून लेप द्यावा.

१४/
बंध किती घट्ट, याचे उत्तर सुश्रुतसंहितेत नेमके आहे. सैल बांधला तर सांधा स्थिर राहत नाही. फार घट्ट बांधला तर सूज, वेदना आणि पू होणे हे परिणाम होतात. म्हणून समबंध, म्हणजे ना सैल ना घट्ट. पट्टी बदलण्याचा काळ ऋतूवर ठरवलेला आहे. थंडीत ७ दिवसांनी, मध्यम ऋतूत ५ दिवसांनी, उन्हाळ्यात ३ दिवसांनी. उष्ण हवेत बंदिस्त त्वचेचे काय होते, याचा अनुभव या आकड्यांमागे दिसतो.

१५/
हाड सांधण्यास तारुण्यात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन, असे गणित संहितेत आहे. सर्वांत विलक्षण भाग मात्र त्यानंतरचा. निखळलेले कोपर अंगठ्याने चोळून, दाबून जागी आणावे, नंतर ते पसरावे, वाकवावे आणि त्यावर तेलाची धार धरावी. पंजाची इजा बरी होऊ लागली की रुग्णाने मुठीत आधी शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा आणि बळ आल्यावर दगड.

१६/
शेण, माती, दगड. हळूहळू वाढत जाणारे वजन देऊन हाताची शक्ती परत आणण्याची ही पद्धत आजच्या फिजिओथेरपीच्या खोलीत रबरी चेंडूच्या रूपाने दिसते. सांधण्याइतकेच वापरणे महत्त्वाचे, हे सुश्रुतसंहितेला उमगले होते. ग्रीक आणि भारतीय, दोन्ही परंपरांत तीन प्रश्न समान आहेत : हात कोणत्या स्थितीत, बंध किती घट्ट आणि किती दिवस.

१७/
यानंतरचा मोठा टप्पा १८१४ सालचा, इटलीतील मिलानचा. शल्यविशारद जोव्हान्नी बत्तिस्ता मोंतेज्जा यांनी आपल्या ग्रंथात एका मुलीची हकिगत लिहिली. तिच्या अल्नाचा वरचा तिसरा भाग मोडला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे हात बांधला. महिनाभराने बंध सोडून हात सरळ केला, तेव्हा कोपराच्या पुढे एक कठीण उंचवटा वर आला. ते रेडियसचे डोके होते, सांध्यातून निखळलेले. दाबले की आत जाई, सोडले की पुन्हा बाहेर.

१८/
क्ष-किरण अजून ८१ वर्षे दूर होते. सुजलेल्या कोपरात बोटांना फक्त अल्नाचा भंग जाणवला होता आणि शेजारचे निखळणे सुजेखाली दडले होते. मोंतेज्जा यांनी ही गोष्ट लपवली नाही. आपल्या दुर्दैवाने ती आठवते, अशा सुरात त्यांनी ती नोंदवली आणि तशीच दुसरी हकिगतही दिली. अल्नाचा भंग आणि रेडियसचे निखळणे या जोडीला पुढे त्यांचे नाव मिळाले. स्वतःचे अपयश प्रामाणिकपणे लिहिल्याने अमर झालेला हा वैद्य.

१९/
या काळापर्यंत ‘चाकूविना उपचार’ हा पर्याय नव्हता, तोच एकमेव मार्ग होता. कातडी कापून हाड उघडे करणे म्हणजे पू आणि बहुधा मृत्यू. त्यामुळे सारी कल्पकता बंधनावर खर्च झाली. बसऱ्यात ब्रिटिश वाणिज्यदूत राहिलेल्या विल्यम ईटन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपला कळवले की, पूर्वेकडे मोडलेल्या अवयवाभोवती जिप्समचा साचा ओततात. साचा भक्कम होता, पण अतिशय जड.

२०/
१८३० च्या दशकात बेल्जियमचे लुई स्यूतॅं यांनी खळ लावलेल्या पट्ट्या वापरात आणल्या. त्या वाळायला बराच वेळ लागे. १८५२ साली डच लष्करी शल्यविशारद आंतोनियस माथाइसन यांनी तोडगा प्रसिद्ध केला : सुती पट्टीत प्लास्टर ऑफ पॅरिसची कोरडी पूड चोळून ठेवायची, गरज पडताच भिजवायची आणि गुंडाळायची. काही मिनिटांत ती कडक होते. रशियाचे निकोलाय पिरोगोव्ह यांनी क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांवर प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरले.

२१/
याच सुमारास, १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध झाली होती. रुग्ण किंचाळत नसताना, स्नायू ढिले असताना वाकडे हाड सरळ करणे प्रथमच शक्य झाले. भूल आणि प्लास्टर या दोहोंनी शस्त्राविना उपचारांना नवे सामर्थ्य दिले. पण कडक साच्याला एक दोष होता. कापडाची पट्टी थोडीफार ताणली जाते, प्लास्टर मुळीच नाही. आत हात सुजला तर त्याने जायचे कोठे?

२२/
उत्तर जर्मनीतील हाले शहरातून आले. रिखार्ड फोन फोल्कमान तेथे शल्यविशारद होते आणि रिखार्ड लेआंडर या टोपणनावाने परीकथाही लिहीत. १८८१ साली त्यांनी एका भयंकर विकाराचे वर्णन केले. कोपराभोवतीच्या इजेनंतर हात घट्ट बांधला जातो, काही तासांत बोटे सुजतात, निळी पडतात, वेदना असह्य होतात. बंध सोडला तरी काही काळाने मनगट आणि बोटे पक्ष्याच्या नखांसारखी आत वळतात आणि कायमची तशीच राहतात.

२३/
कारण त्यांनी नेमके ओळखले : स्नायूंना रक्त न मिळणे. स्नायू गुदमरून मरतात आणि त्यांची जागा आकुंचन पावणारा व्रण घेतो. पुढे हेही कळले की बाहेरचा बंध नसतानाही आतल्या सुजेचा दाब पुरेसा घातक ठरतो. बळी बहुधा लहान मुले, कारण कोपराच्या अगदी वर दंडाचे हाड मोडण्याचा प्रकार त्यांच्यात अधिक. हाड उत्तम सांधलेले आणि हात जन्माचा निकामी. ग्रीक ग्रंथातील ‘मोठी, कठीण सूज’ आणि सुश्रुतसंहितेतील ‘अतिगाढ बंध’ यांचा अर्थ आता रक्तवाहिन्यांच्या भाषेत कळला.

२४/
त्याच काळात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस काम करीत होते. ते वेल्समधील अँगलसी बेटावरच्या परंपरागत हाडवैद्यांच्या घराण्यातले आणि घराण्यातून रीतसर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या पिढीतले. सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हे त्यांचे सूत्र. कोपराच्या इजेत ते हात वाकवून मनगट पट्ट्याने गळ्याला अडकवीत. त्यांचे शिष्य आणि नात्यातले रॉबर्ट जोन्स यांनी वाकवलेल्या कोपराची ही पद्धत सर्वत्र नेली. मात्र सुजलेले कोपर फार वाकवले तर मनगटाची नाडी हरपते. म्हणून नाडी पाहूनच कोन ठरवायचा.

२५/
पॅरिसमध्ये ज्यूल ल्यूका-शांपिओन्येर यांनी नेमका उलटा पक्ष घेतला. हालचाल म्हणजे जीवन, अशी त्यांची भूमिका होती. दीर्घ बंधनाने सांधे आखडतात, स्नायू वाळतात, म्हणून हलका मसाज आणि लवकर हालचाल सुरू करावी, असे त्यांनी १८९५ च्या ग्रंथात मांडले. विश्रांती की हालचाल, हा वाद अनेक दशके चालला. कोपराने त्यात मधला मार्ग दाखवला : तुकडे हलण्याची भीती असेल तोवर विश्रांती, ती संपताच हालचाल.

२६/
१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण दिसले. १८९६ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट जोन्स आणि भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी लिव्हरपूलमध्ये एका मुलाच्या मनगटात रुतलेली गोळी क्ष-किरणांनी शोधली. अस्थिवैद्यकाची दृष्टीच बदलली. मोंतेज्जा यांना जे सुजेखाली दिसले नव्हते, ते आता काचेवर उमटू लागले. अल्ना मोडलेली दिसली की कोपराचाही फोटो घ्यावा आणि रेडियसची रेषा सांध्याच्या मध्यावर जाते का ते पाहावे, हा आजचा नियम आहे. तो न पाळल्यास हे निखळणे आजही निसटते.

२७/
दुसरीकडे चाकूचा मार्गही खुला झाला होता. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत आणली आणि १८७७ साली मोडलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने जोडली. कोपराच्या टोकाचा प्रश्न तसाच आहे. दंडामागचा बलवान स्नायू तुटलेले टोक वर खेचतो आणि फट पडते. बाहेरून बांधून ती फट मिटत नाही. आता प्रथमच वैद्यापुढे निवड उभी राहिली : बांधावे की कापावे? १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ गटाने धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांचे शास्त्र उभे केल्यावर कल शस्त्रक्रियेकडे झुकला.

२८/
शस्त्राविना पद्धतीही त्याच वेळी अधिक नेमक्या झाल्या. व्हिएन्नाचे लोरेंत्स ब्योलर यांनी १९२९ च्या ग्रंथात हाड जागी आणणे, जागी ठेवणे आणि उरलेले सांधे चालवणे हा क्रम शिस्तीने शिकवला. १९४९ साली इव्हान्स यांनी शवांवर प्रयोग करून दाखवले की, हात जोराने आत पिळला गेला तर मोंतेज्जा यांची इजा घडू शकते. त्यावरून उपाय निघाला : पिळणे उलटवा, तळवा वर करून प्लास्टर घाला. १९६७ साली उरुग्वेचे होसे लुइस बादो यांचे चार प्रकारांचे वर्गीकरण इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते आजही वापरात आहे.

२९/
यातून वयाचा भेद स्पष्ट झाला. लहान मुलात वाकलेली अल्ना भुलीखाली सरळ केली की रेडियसचे डोके बहुधा आपोआप जागी येते आणि कोपर वाकवून घातलेले प्लास्टर पुरते. प्रौढात अल्ना प्लास्टरमध्ये टिकत नाही, आखूड होते, रेडियस पुन्हा निखळतो. तेथे धातूची पट्टी आवश्यक ठरते. एकच नाव, एकच भंग, पण दोन वयांत दोन उत्तरे. ‘कोवळी हाडे वाकतात’ या सुश्रुतसंहितेच्या निरीक्षणाचे महत्त्व येथे कळते.

३०/
रेडियसच्या डोक्याची हकिगत वेगळी. पसरलेल्या तळव्यावर पडल्याने ते तडकते. १९५४ साली मेसन यांनी १०० रुग्णांचा आढावा घेऊन तीन प्रकार पाडले. पहिल्यात तडा आहे, पण तुकडा सरकलेला नाही. अशा रुग्णाला आज लांब काळ प्लास्टर घालत नाहीत. काही दिवस झोळी आणि दुखणे ओसरू लागताच हालचाल. येथे वैद्याने कमी केले तर रुग्णाला अधिक मिळते. पॅरिसचा पक्ष या छोट्या हाडापुरता जिंकला.

३१/
आणि कोपराचे टोक? तेथे शस्त्रक्रिया हे जवळजवळ ठरलेले उत्तर होते. एडिंबरा येथील वैद्यांनी ७५ आणि त्याहून अधिक वयाच्या रुग्णांत बांधणे आणि कापणे यांची तुलना केली. २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणी १९ रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण शस्त्रक्रिया झालेल्या गटात गुंतागुंती फार होत होत्या. वर्षाअखेरीस हाताच्या उपयोगात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. चाचणी लहान आहे, पण वृद्धांच्या बाबतीत जुना प्रश्न तिने पुन्हा उघडला.

३२/
महाराष्ट्रातील गावोगावी हाडवैद्यांची परंपरा आजही आहे. बांबूच्या कामट्या, कापूस आणि फडक्याच्या पट्ट्या ही त्यांची साधने सुश्रुतसंहितेतील कुशांची आठवण देतात. साधने जुनी असणे हा दोष नव्हे. धोका तेथे आहे, जेथे सुजलेल्या कोपरावर बंध आवळला जातो, क्ष-किरण काढला जात नाही आणि बोटे काळी पडेपर्यंत पट्टी सोडली जात नाही. मात्र हा धोका प्लास्टरलाही आहे. फोल्कमान यांचे रुग्ण शिकलेल्या डॉक्टरांनीच बांधलेले होते.

३३/
म्हणून या इतिहासातून प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. हात बांधल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेल्या, बोटे सरळ करताना असह्य दुखले, बोटे थंड, फिकट, निळी किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नये. बंध तत्काळ सैल करून घ्यावा आणि रुग्णालय गाठावे. येथे प्रश्न तासांचा असतो. मूल रडते म्हणून त्याला गप्प करण्यापूर्वी त्याची बोटे पाहावीत.

३४/
मोडलेले हाड वैद्य सांधत नाही, ते शरीर स्वतः सांधते. साडेचार हजार वर्षांत वैद्याचे काम एवढेच राहिले आहे : तुकडे योग्य जागी आणणे, शरीराला वेळ मिळवून देणे, त्या वेळात हाताचा गळा न आवळणे, आणि आपला उपाय पुरेसा नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांगणे. खपाटीचे प्लास्टर झाले, बोटांच्या अंदाजाची जागा क्ष-किरणांनी घेतली. बंध किती घट्ट असावा, हे मात्र आजही बांधलेल्या हाताची बोटे पाहूनच ठरवावे लागते.
#धागा_समाप्त